गच्चीवरील खोलीपर्यंत केबल

प्रश्न : आमच्या बंगल्यात राउटर तळमजल्यावर असून गच्चीवरील खोलीत मी कार्यालय थाटले आहे. तेथे वाय-फाय पुरेसे पोहोचत नाही. कोणती केबल टाकावी?

उत्तर : ‘कॅट ६’ प्रकारची नेटवर्क केबल घ्यावी, ती १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिटचा (म्हणजे १००० मेगाबिटचा) वेग देते आणि घरातील अंतर सहसा त्याच्या आतच असते. मात्र तारा शुद्ध तांब्याच्याच आहेत, याची खात्री करावी, कारण स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक केबलींत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. टोकाची तार पात्याने खरवडल्यावर आत रुपेरी रंग दिसला, तर ती केबल घेऊ नये. विजेच्या तारांच्या पाइपातून ही केबल कधीही ओढू नये. तिच्यासाठी वेगळा पाइप टाकावा, आणि भिंत एकदाच फोडायची असल्याने त्यातून दोन केबली घ्याव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. गच्चीवर उघड्यावरून जाणाऱ्या भागासाठी ऊन-पाऊस सोसणारी, बाहेरच्या वापराची केबल हवी.

जोडणीनंतर संगणकावर वेग १०० मेगाबिटवरच अडकलेला दिसल्यास प्रथम कनेक्टर (केबलच्या टोकाचा प्लग) तपासावा, कारण गिगाबिटसाठी आठही तारा नीट जोडलेल्या असाव्या लागतात.