पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वाड्यांच्या दारांची नऊ चित्रे विकली गेली, गॅलरीचे मालक आणखी दहा मागत आहेत, आणि नेमकी आताच तुला दारे काढवत नाहीत. नव्या पुलावर काम करणारी माणसे काढावीशी वाटतात, पण ती अजून कच्ची उतरतात. ‘दारे सोडली तर माझी ओळख पुसली जाईल का?’ या तुझ्या प्रश्नाने माझी झोप उडाली. त्याचे कारण पुढे येईलच. आधी पिसारोविषयी लिहितो.

1885 मध्ये फ्रेंच चित्रकार कामीय पिसारो पंचावन्न वर्षांचा होता. समोरच्या क्षणाचा उजेड मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांत तो वडीलधारा. पाँत्वाझ गावी त्याच्या शेजारी बसून चित्रकार सेझान निसर्गाकडे पाहायला शिकला होता. घरात मुलाबाळांचा गोतावळा आणि पैशाची कायमची ओढाताण. अशा वेळी त्याची गाठ पंचविशीतल्या झॉर्झ सराशी पडली आणि हा ज्येष्ठ चित्रकार त्या मुलाकडून शिकू लागला. रंग पॅलेटवर न कालवता शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, ही सराची रीत त्याने उचलली, आणि 1886 च्या प्रदर्शनात सरा, सिन्याक आणि स्वतःचा मुलगा ल्यूसिएँ यांच्या सोबतीने आपली चित्रे लावली. त्याची चित्रे विकणाऱ्या द्युराँ-रुएलला हा बदल रुचला नाही आणि विक्री खालावली. काही वर्षांनी पिसारोने स्वतःच ही पद्धत सोडली, कारण ठिपके भरता भरता समोरच्या क्षणाची ऊब निघून जात असे. ठिपक्यांच्या या वळणाला अनेक जण त्याची चूक म्हणतात. मी म्हणत नाही. हाताची सवय म्हणजे शैली नव्हे, हे त्याला कळले होते.

‘पण त्यानेही एकच रस्ता पुन्हा पुन्हा काढला,’ असे तू म्हणशील. खरे आहे. डोळ्याच्या दुखण्यामुळे त्याला वाऱ्याधुळीत बसवेना, म्हणून तो हॉटेलच्या खिडकीत बसू लागला आणि 1897 मध्ये पॅरिसच्या बुलव्हार मोंमार्त्रची चौदा चित्रे त्याने एकाच हॉटेलातून केली. त्यांतले रात्रीचे चित्र मी लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहिले. रस्त्याच्या मधोमध विजेचे पांढरे, गार दिवे. दुकानांतून बाहेर सांडणारा पिवळा उजेड. कडेला घोडागाड्यांची रांग. ओल्या रस्त्यावर या साऱ्याची थरथर. जवळ गेलो तर नुसते फटकारे उरले, गाडी नाही की माणूस नाही. चार पावले मागे येताच रस्ता पुन्हा वाहू लागला. या चित्रावर त्याची सही नाही आणि त्याने ते कधी प्रदर्शनात मांडलेही नाही. खिडकी तीच होती, पण प्रत्येक वेळी त्याने नव्याने पाहिले. तू दहावे दार काढताना दाराकडे पाहतेस का, याचे उत्तर मला नको, स्वतःला दे.

आता माझे सांगतो. पावसातल्या गल्ल्या आणि छत्र्या, तीस वर्षे. पहिली पाच-सहा जलरंगचित्रे मी खरोखर पावसात, पागोळ्यांखाली उभा राहून केली. ती खोटी नव्हती. नंतर ओला रस्ता कसा चमकवायचा हे हाताला पाठ झाले आणि भर उन्हाळ्यात, दार लावून, मी पाऊस काढत राहिलो. दोन मुलींची शिक्षणे त्यावर झाली, त्याची मला लाज वाटत नाही, आणि घर चालवणाऱ्या माणसाला कोणी कमी लेखू नये. पण घर पिसारोलाही होते, आठ मुले होती. एरान्यी गावातल्या घराच्या बागेत त्याची बायको ज्युली भाजी पिकवी म्हणून चूल पेटे, आणि तिच्या कष्टांचा विसर पडू देऊ नये. त्यामुळे संसाराचे कारण मी पुढे करतो तेव्हा ते अर्धेच खरे असते. उरलेले अर्धे असे, की कच्चे काम लोकांना दाखवण्याची मला भीती वाटत होती.

म्हणून चिडून लिहितो आहे. ओळख, ओळख काय करतेस? पंचविशीत कसली आली आहे ओळख? हात सरावला आहे, एवढेच झाले आहे. हाताची सवय म्हणजे शैली नव्हे. पैशांची निकड असेल तर गॅलरीला तीन दारे दे. तीन म्हणजे तीनच, आणि तीही वाड्यासमोर बसून कर. बाकीच्या सकाळी पुलावर जा.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा दारांचे फोटो आणू नकोस. पुलाची ती कच्ची रेखाटने आण, फाडली नसलीस तर सगळी. डोक्यावर घमेले घेतलेल्या बाईची मान तुला साधत नाही असे लिहिले आहेस, ते पान सर्वांत वर ठेव.

तुझा,
सर