वाचकांचे प्रश्न : इंग्रजीचा क्लास सुरू होण्याआधी पातळी कशी ठरवायची?

जून तोंडावर आला की नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत स्पोकन इंग्लिशच्या नव्या बॅचचे फलक लागतात. या वेळच्या टपालात बहुतेक प्रश्न त्याबद्दलचेच आहेत, म्हणून सगळं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : सातपूरला आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. जूनमध्ये साठेक जण येतात, शिकवणारे आम्ही दोघंच. व्याकरणाचा पन्नास प्रश्नांचा, चार पर्यायांचा पेपर घेऊन तीन बॅच पाडतो. तरी पंधरा दिवसांत प्रत्येक बॅचमध्ये काही जण गप्प बसू लागतात आणि काही कंटाळून येणं बंद करतात. पेपर बदलावा का?

उत्तर : पेपर बदलून फारसा फरक पडणार नाही. तुम्ही शिकवणार बोलणं आणि मोजताय व्याकरण. मराठी माध्यमातून आलेल्यानं ‘चेंज द व्हॉइस’ आणि ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ दहावीपर्यंत घोटलेलं असतं. तो तुमच्या पेपरात पस्तीसच्या वर जातो आणि वरच्या बॅचमध्ये जाऊन गप्प बसतो. उलट हॉटेलात किंवा वायनरीत पाहुण्यांशी रोज इंग्रजी बोलणारा पोरगा पॅसिव्ह व्हॉइसमध्ये आपटतो आणि ‘माय नेम इज’वाल्या बॅचमध्ये जांभया देतो. शिवाय चार पर्यायांच्या पन्नास प्रश्नांत नुसत्या ठोकताळ्यानं १२-१३ गुण पडतात. म्हणजे अठरा-वीसपर्यंतच्या गुणांवरून कुणाबद्दलच काही कळत नाही.

साठ जण आणि दोन शिक्षक एका रविवारी होतात, फक्त आखणी नीट हवी. पहिला पाऊण तास सगळ्यांना एकत्र बसवा.

सुरुवातीची पाच मिनिटं मराठीतला फॉर्म. त्यात मार्क विचारू नका. इंग्रजी कितवीपासून होतं, शेवटचं कधी, कुणाशी आणि कशासाठी बोललात, हे विचारा. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं. त्यामुळे पंचेचाळिशीची बारावी पास बाई आणि विशीतला बारावी पास मुलगा यांना कागदावरच्या शिक्षणावरून एका मापानं मोजता येत नाही.

मग दहा मिनिटं श्रुतलेखन. आपल्याकडे ते प्राथमिक शाळेत सोडून दिलेलं असतं, पण ऐकण्याची पातळी काढायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. आठ वाक्यं घ्या, पहिलं चार शब्दांचं, शेवटचं चौदा-पंधरा शब्दांचं. प्रत्येक वाक्य नेहमीच्या वेगानं, शब्द न तोडता, दोनदाच वाचा. छोटं वाक्य माणूस नुसतं कानात साठवून उतरवतो. आठ-नऊ शब्दांच्या पुढे ते जमत नाही, अर्थ आणि रचना कळावीच लागते. गुण शब्दांना द्या. स्पेलिंग चुकलं पण शब्द ओळखू येतोय, तर पूर्ण गुण.

पुढची वीस मिनिटं अर्ध्या शब्दांचे उतारे, ज्याला सी-टेस्ट म्हणतात. चार छोटे उतारे, सोप्यापासून अवघडाकडे, प्रत्येकाला पाच मिनिटं. पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं. दुसऱ्या वाक्यापासून दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग उडवायचा. ‘मार्केट’ इंग्रजीत सहा अक्षरी, तर पहिली तीन ठेवायची. अक्षरं विषम असतील तर एक जास्तीचं अक्षर उडवायचं. एकाक्षरी शब्द आणि विशेषनामं सोडून द्यायची. एका उताऱ्यात वीस गाळलेल्या जागा झाल्या की उरलेला मजकूर पूर्ण ठेवा. ऐंशी जागा, ऐंशी गुण, पर्याय नाहीत, त्यामुळे ठोकताळा जवळपास चालत नाही. एकच अडचण : अगदी नवशिक्याला यात शून्याच्या आसपास गुण पडतात आणि नवशिक्यांमधला फरक कळत नाही. त्यांचा निकाल मुलाखतीवरच लावा.

शेवटची दहा मिनिटं लेखन, साठ-सत्तर शब्द. ‘लीव्ह ॲप्लिकेशन’ आणि ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ देऊ नका. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ पाठ असलेले अर्धे निघतील. पाहुण्याला नाशिकरोड स्टेशनवरून तुमच्या घरी कसं यायचं ते लिहा, असं सांगा. याचा तयार निबंध गाइडात मिळत नाही.

यानंतर मुलाखती, माणशी सहा मिनिटं. शिक्षकामागे तीस जण म्हणजे तीन तास. दर अर्ध्या तासाला पाच-पाच जणांची वेळ आधीच वाटून द्या. नाहीतर शेवटचे लोक तीन तास बाकावर बसून घाबरून आत येतात आणि तुम्ही त्यांची भीतीच मोजता.

मुलाखतीत ‘इंट्रोड्यूस युअरसेल्फ’ विचारलं की ‘मायसेल्फ अमुक, आय बिलाँग टू नाशिक’ ही पाठ केलेली रेकॉर्ड वाजते. ती वाजू द्या, माणूस सैलावतो, पण तिला गुण देऊ नका. मग शिडी चढायची : आज इथे कसे आलात, रोज सकाळी काय करता, काल संध्याकाळी काय केलं, पुढच्या वर्षी काय करायचं ठरवलंय, रविवार कारंजावरची ट्रॅफिक कमी करायची असेल तर तुम्ही काय कराल. लागोपाठ दोन पायऱ्यांवर अडखळला की थांबा आणि एक सोपा प्रश्न विचारून संपवा, म्हणजे माणूस हिरमुसून बाहेर पडत नाही.

मध्ये एक काम नक्की करून घ्या : ‘आता तुम्ही मला तीन प्रश्न विचारा.’ आपल्या शाळेत मुलं उत्तरं देतात, प्रश्न शिक्षक विचारतात. त्यामुळे एरवी बरं बोलणाराही इथे ‘यू आर लिव्हिंग व्हेअर?’ म्हणतो. मराठीत प्रश्न करताना क्रियापद जागचं हलत नाही, ते तसंच इंग्रजीत उतरतं. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ सहज आलं, तर तो मधल्या बॅचच्या खाली बसवायचा नाही.

गुण तीन गोष्टींना, प्रत्येकी ० ते ५ : कळलं किती, सांगता आलं किती, वाक्य धड किती. उच्चाराला वेगळे गुण नकोत, समोरच्याला कळलं की पुरे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपल्याकडे अस्खलित बोलणारेही म्हणतात. त्यासाठी पातळी खाली ओढू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, पहिले पाच जण दोघांनी मिळून तपासा, वेगवेगळे गुण लिहा, मग ताडून पाहा. दोघांत दोन गुणांपेक्षा जास्त फरक येत असेल तर तिथेच बोलून मोजमाप एक करा. हे टाळलं की बॅच विद्यार्थ्याच्या इंग्रजीवर ठरत नाही, कुणाच्या टेबलावर त्याचा नंबर लागला यावर ठरते.

सीमारेषा पुस्तकातून उचलू नका. सध्याच्या बॅचमधले, ज्यांची पातळी तुम्हाला पक्की ठाऊक आहे असे पंचवीस-तीस जण बसवून हाच पेपर द्या. त्यांचे गुण कुठे गोळा होतात ते पाहा, रेघ तिथे मारा. त्याच वेळी प्रत्येक गाळलेली जागा तपासा : जी सगळ्यांनाच आली किंवा कुणालाच आली नाही, ती जागा काही सांगत नाही, काढून टाका. जी कच्च्यांना आली आणि पक्क्यांना नाही, तिथे बहुधा तुमची उत्तरसूचीच चुकलेली असते.

रेघेवरच्या माणसाचं काय? श्रुतलेखनात आणि ‘कळलं किती’मध्ये चांगला असेल तर वरच्या बॅचमध्ये द्या, बोलणं मागून येतं. ऐकून कळत नसेल तर खालच्या. वर्गात शिक्षक काय म्हणतोय हेच कळलं नाही तर बाकी सगळं वाया.

प्रश्न : मी गृहिणी आहे, इंदिरानगरला राहते. मोबाइलवर फुकट टेस्ट दिली तर ‘बी-२’ आलं. प्रत्यक्षात मुलाच्या शाळेत पालकसभेत दोन वाक्यं बोलता येत नाहीत. क्लासमध्ये कोणती पातळी सांगू?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बहुतेक फुकट टेस्ट वाचन आणि ऐकणं तपासतात. बोलणं तपासायला माणूस किंवा महागडी यंत्रणा लागते. ए-१ (सर्वांत खालची) ते सी-२ (सर्वांत वरची) या सहा पातळ्या युरोपच्या परिषदेनं (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ साली प्रसिद्ध केल्या, आणि त्या एकाच माणसाला वाचनात बी-२ आणि बोलण्यात ए-२ असू शकतात. त्या आराखड्यात प्रत्येक कौशल्याची पातळी वेगळी मांडलेली आहे. अॅप तेवढं एकाच अक्षरात गुंडाळतं.

क्लासमध्ये ‘वाचता येतं, बोलता येत नाही’ एवढंच सांगा आणि प्रत्यक्ष बोलून पाहायला सांगा. ‘अगदी बेसिकपासून’ची बॅच घेऊ नका. तिथे तुम्हाला येणारंच तीन महिने शिकवतील आणि तुम्हाला वाटेल की प्रगती होतेय. जो क्लास पाच मिनिटंही न बोलता फी भरून घेतो, तिथे पातळीचा विचार झालेला नाही, हे समजून घ्या.

प्रश्न : सिन्नरहून लिहितोय. मुलीला बाहेर शिकायला जायचंय, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ बँड (नऊपैकी गुण) हवा. क्लासवाले ४५ दिवसांत करून देतो म्हणतात. आधी काय तपासावं?

उत्तर : आधी एक पूर्ण सराव परीक्षा, घड्याळ लावून : ऐकणं ३० मिनिटं, वाचन ६०, लेखन ६०, आणि ११ ते १४ मिनिटांचं बोलणं. लेखन आणि बोलणं शिकवणाऱ्यानंच तपासलेलं हवं, घरच्यांनी नाही.

मग हिशेब सोपा आहे. ६.५ म्हणजे बी-२चा वरचा भाग. केंब्रिजचा ढोबळ अंदाज असा की शून्यापासून बी-१पर्यंत ३५० ते ४०० तास आणि बी-२पर्यंत ५०० ते ६०० तास वर्गातलं शिक्षण लागतं. म्हणजे मधल्या एका पायरीला साधारण दीडशे ते दोनशे तास. ४५ दिवस रोज दीड तास म्हणजे ६७ तास. सराव परीक्षेत ६ आले तर ४५ दिवसांत परीक्षेची सवय होऊन अर्धा बँड वाढू शकतो. ४.५ आले तर आधी इंग्रजी, मग आयईएलटीएस. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे घाईनं कमी बँडचा निकाल पदरात घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : अंबडच्या एका कंपनीत एचआर बघते. ऑपरेटर, सुपरवायझर आणि ऑफिस स्टाफ अशा चाळीस जणांना इंग्रजीचा कोर्स द्यायचाय. सगळ्यांची एकच टेस्ट घ्यावी का?

उत्तर : टेस्टआधी कामं लिहून काढा. ऑपरेटरला मशीनवरची अलार्मची सूचना वाचायची असते, सुपरवायझरला ऑडिटरच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, स्टाफला मेल लिहायचा असतो. मुलाखत एकाच साच्याची ठेवा, पण वाचायचा कागद ज्याच्या-त्याच्या कामाचा द्या. आकडे मात्र सगळ्यांना विचारा : तारीख, माप, पार्ट नंबर. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मधला गोंधळ शॉप फ्लोअरवर महागात पडतो.

साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एकाच खोलीत तपासू नका. निकाल नोटीस बोर्डावर लावू नका आणि अप्रेझलला जोडणार नाही हे आधीच लेखी सांगा. हे सांगितलं नाही तर अर्धे जण टेस्टच्या दिवशी रजेवर असतील.

प्रश्न : पेठ तालुक्यात सुट्टीत मोठ्या मुला-मुलींसाठी वर्ग घेते. लेखी चाचणी दिली की काही जण कोरा कागद देतात. त्यांना काहीच येत नाही असं धरायचं का?

उत्तर : अजिबात नाही. कोरा कागद म्हणजे लिपी अडलेली असू शकते. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येतं हे पाहणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात इंग्रजी वाचनाची जी उतरंड वापरतात तीच घ्या : मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं, आणि शब्द-वाक्य वाचल्यावर अर्थ मराठीत विचारायचा. माणशी दोन-तीन मिनिटं. ‘बी’ आणि ‘डी’ छोट्या लिपीत उलटसुलट होतात का, तेही पाहा.

त्यानंतर कागद बाजूला ठेवून तोंडी सूचना द्या : दार उघड, दोन पेनं दे, खिडकीजवळ उभी राहा. लिपी येत नाही पण सूचना कळतात, असे बरेच निघतील. त्यांना बोलण्याच्या वर्गात इतरांबरोबर बसवा आणि लिपीसाठी रोज वीस मिनिटं वेगळी द्या. लिपीही नाही आणि सूचनाही कळत नाहीत, तेच खरे नवशिके. चाचणीच्या सूचना सगळ्यांना मराठीतच सांगा. सूचना कळली नाही म्हणून गुण जाणं हा चाचणीचा दोष आहे.

प्रश्न : नाशिकरोडला क्लास आहे. मुलीला तिच्या मैत्रिणीच्या बॅचमध्येच बसवा म्हणून पालक भांडतात. काय करावं?

उत्तर : पहिल्या दिवशीच सांगून टाका की चौथ्या तासानंतर शिक्षक सगळ्यांचा फेरविचार करतील आणि त्या दिवशी बॅच बदलता येईल, त्याआधी नाही. बऱ्याच जणांचा आग्रह तोवर मावळतो. वर न्यायचं तर एका वाक्यात सांगून न्या. खाली आणायचं असेल तर एकट्यात बोला आणि श्रुतलेखनाचा त्यांचाच कागद समोर ठेवा. नुसत्या ‘तुझं कच्चं आहे’वर कुणी ऐकत नाही. पेपरचे दोन संच ठेवा आणि मोजून परत घ्या, कारण पहिल्या रविवारचा पेपर दुसऱ्या रविवारपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरलेला असतो.