वाचकांचे प्रश्न : पॉलिप्रॉपिलीनवर शाई का धरत नाही?

प्रश्न : आमच्या लहान कारखान्यात पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांवर स्क्रीन प्रिंटिंग होते. छपाई दिसते उत्तम; पण वाळल्यावर तिच्यावर चिकटपट्टी दाबून ओढली की अक्षरे पट्टीबरोबर निघून येतात. डबे सॉल्व्हंटने पुसून पाहिले, तरी फरक पडला नाही. प्लाझ्मा प्रक्रियेने हे थांबेल का, आणि तिचा परिणाम कायमचा असतो का?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : दोष बहुधा शाईचा नाही. पॉलिप्रॉपिलीनचे रेणू केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचे असल्यामुळे शाईने धरावे असे त्याच्या पृष्ठभागावर फारसे काही नसते. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रव पसरवून धरून ठेवण्याची पृष्ठभागाची क्षमता, सुमारे ३० डाइन प्रति सेंटीमीटर असते, तर छपाईसाठी साधारणपणे ३८ ते ४२ ची अपेक्षा असते. ही उणीव प्लास्टिकच्या घडणीतलीच आहे, त्यामुळे पुसून ती जाणार नाही.

प्लाझ्मा म्हणजे विजेच्या साहाय्याने विद्युतभारित कणांत रूपांतरित केलेला वायू. त्यातील इलेक्ट्रॉन, आयन आणि अतिनील किरण पृष्ठभागावरील कार्बन-हायड्रोजन बंध तोडतात आणि मोकळ्या झालेल्या जागी ऑक्सिजन येऊन हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे ध्रुवीय गट तयार होतात, ज्यांना शाई किंवा गोंद धरून राहतो. हा बदल केवळ काही नॅनोमीटर खोलीपर्यंत होतो, म्हणून डब्याची ताकद वा रंग यांना धक्का लागत नाही. मात्र प्रक्रिया अधिक वेळ केल्यास बंध अधिक पक्का होतो, हा समज चुकीचा आहे. अतिरेक झाला तर रेणूंच्या साखळ्या तुटून त्यांच्या तुकड्यांचा कच्चा थर वर साचतो आणि छपाई त्या थरासकट निघून येते.

परिणाम कायमचा नसतो. ध्रुवीय गट हळूहळू आतल्या बाजूला वळतात, प्लास्टिकमध्ये मिसळलेली स्लिपसारखी (पृष्ठभाग निसरडा करणारी) द्रव्ये वर येतात, आणि साठवणीची जागा उष्ण असेल तर हे अधिक वेगाने घडते. त्यामुळे प्रक्रिया आणि छपाई यांत शक्य तितके कमी अंतर ठेवावे, तसेच छपाईपूर्वी डाइन पेनने, म्हणजे ठरावीक डाइन पातळीची शाई असलेल्या पेनने, तपासणी करावी : शाईची रेघ सुमारे दोन सेकंद अखंड राहिली तर ती पातळी गाठली आहे असे समजावे, ती आक्रसून थेंब झाले तर नाही. साच्यावर सिलिकॉनचा रिलीज स्प्रे (वस्तू साच्यातून सहज सुटावी म्हणून मारलेला फवारा) वापरत असाल, तर आधी तो बंद करावा. प्लाझ्मा सेंद्रिय मळाचा पातळ थर जाळून टाकतो, पण सिलिकॉनचे रूपांतर सिलिकासारख्या थरात होऊन ते तिथेच राहते.

यंत्र विकणारा हे सांगेलच असे नाही, परंतु साध्या गोल डब्यांसाठी गॅसच्या ज्योतीची प्रक्रिया बहुधा पुरेशी आणि स्वस्त ठरते, आणि सपाट फिल्मसाठी कोरोना, म्हणजे हवेतील उच्च व्होल्टेजच्या विद्युत विसर्गाची प्रक्रिया. प्लाझ्माचा खर्च प्रामुख्याने खोबणी असलेल्या, नाजूक किंवा ज्यांत इलेक्ट्रॉनिक भाग आहेत अशा वस्तूंच्या बाबतीत सार्थकी लागतो. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी आपलेच डबे तिन्ही पद्धतींनी करून मागावेत आणि त्यांची चिकटपट्टीची चाचणी त्याच दिवशी व पुन्हा आठवड्याने घ्यावी.

प्रश्न : प्लाझ्मा अतितप्त असतो असे आम्ही शिकलो. मग प्लास्टिक वितळत कसे नाही?
— पॉलिटेक्निकची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आपण शिकलात ते सूर्यातील किंवा वेल्डिंगच्या ठिणगीतील प्लाझ्माला लागू पडते. पृष्ठप्रक्रियेसाठी निर्वात कक्षात वापरला जाणारा प्लाझ्मा असमतोल अवस्थेत असतो, म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या वर जाते, पण भोवतालचा वायू खोलीच्या तापमानाच्या थोडाच वर राहतो. ऑक्सिजनचा रेणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ५८,००० पट जड असल्याने साध्या टकरीत इलेक्ट्रॉनची फारच थोडी ऊर्जा त्याला मिळते. वातावरणीय दाबावर चालणाऱ्या नोझलची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातून येणारा झोत बराच गरम असू शकतो, म्हणून तिला एका जागी थांबू देत नाहीत आणि पातळ फिल्मवर ती विशेष जपून चालवतात.