कॉकाटील दाणे उलटून टाकतोय आणि सांगलीत पक्ष्यांचे डॉक्टर सापडत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) दिवसभर वाटीत चोच घालून बसतो, तरी वाळत चाललाय, दाणे उलटून टाकतोय आणि दुकानदाराने पाण्यात टाकायला पिवळी पावडर दिलीय. ती पावडर आधी बंद करा. अशी पावडर बहुतेक वेळा टेट्रासायक्लिनची, म्हणजे जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकची असते. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे पोटात औषध किती गेलं याचा काही हिशेब लागत नाही. शिवाय तुमच्या पक्ष्याची लक्षणं वाचून माझा पहिला संशय जिवाणूंवर जात नाही.

मी बरीच वर्षं कॉकाटील आणि बजी (बजरीगर, छोटे रंगीत पोपट) पाळतोय. या दोघांत ‘खातो पण वाळतो’ म्हटलं की जाणकार डॉक्टर आधी मॅक्रोरॅब्डस शोधतात. ही जठरात वाढणारी बुरशी. पूर्वी तिला जिवाणू समजत, म्हणून जुने पक्षीवाले अजून ‘मेगाबॅक्टेरिया’च म्हणतात. नेहमीच्या अँटिबायोटिकने ती हलत नाही. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध तोंडावाटे द्यावं लागतं, तेही बरेच दिवस. ताजी शीट काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर लांब सरळ काड्या दिसतात. मात्र ती दर शीटेत सापडेलच असं नाही, म्हणून एकदा तपासणी कोरी आली तरी पुन्हा करायला सांगा.

खरी उलटी आहे ना, हेही बघून घ्या. नर आरशापुढे मान वरखाली करून नीट घास काढतो, तो लाडीगोडीचा प्रकार. आजारी पक्षी डोकं झटकतो, चिकट दाणे पिंजऱ्याच्या तारांवर उडतात आणि तुऱ्याखालची पिसं चिकटून गुठळ्या होतात. शीटेत अख्खे दाणे दिसले तर बोर्नाव्हायरसमुळे जठर सैल पडण्याचा आजारही डोक्यात ठेवावा लागतो. पिंजऱ्याच्या जाळीचा जस्ताचा मुलामा कुरतडून विषबाधा होते, तेव्हाही उलट्या होतात. शीटेतला पांढरा भाग हिरवट झाला असेल आणि घरात कुणाला ताप-खोकला असेल, तर तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना ‘घरी पोपट आहे’ हे आवर्जून सांगा. सिटॅकोसिस हा पोपटांचा जिवाणूंमुळे होणारा आजार माणसांनाही होतो.

आज रात्री करण्यासारखं एवढंच: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर झाकणाचा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, पक्षी आत घालून वजन लिहा. कॉकाटील साधारण नव्वद ग्रॅमचा. त्यात आठ-नऊ ग्रॅमची घट म्हणजे दहा टक्के, आणि ती पिसांमुळे डोळ्यांना कळत नाही. रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला बाहेरून दिवा लावून २८-३० अंश ऊब द्या, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. चोचीत पाणी, ओवा-हळदीचा काढा वगैरे ओतू नका, फुप्फुसात गेलं तर पक्षी हातचा जाईल.

आता डॉक्टर. ‘पक्षी बघता का?’ असं विचारलंत तर कुणीही हो म्हणेल. त्याऐवजी फोनवर विचारा: ग्रॅमचा काटा आहे का, शीट तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघता का, पक्ष्याला गॅसची भूल देता का. पहिल्या दोन प्रश्नांना अडखळले तर पुढचा नंबर लावा. शिरवळचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ. मुंबईत परळचं बैलघोडा हे जनावरांचं हॉस्पिटल आहे. निघण्याआधी फोन कराच. तुमच्या भागात कोंबड्यांचे डॉक्टर असतील तर त्यांनाही कमी लेखू नका. त्यांचा विचार कळपाचा असतो, एका पक्ष्याच्या औषधाचं माप त्यांना सवयीचं नसतं, पण शीट वाचायला ते तरबेज असतात.

जाताना तळाला पांढरा कोरा कागद घाला, वर्तमानपत्र नको, आणि वाटेत पडलेली शीट तशीच राहू द्या. दुकानातली ती पावडरही पुडीसकट न्या. कॉकाटील ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे देशी राघू पाळणाऱ्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याची (त्यात देशी पोपट पाळायला बंदी आहे) जी धास्ती असते, ती तुम्हाला बाळगायचं कारण नाही.

पिंजऱ्यात दुसरा पक्षी असेल तर आजच वेगळा करा आणि डॉक्टरांकडे त्याचीही शीट न्या. मॅक्रोरॅब्डस बुरशी शीटेतून पसरते, आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षीही ती बाळगून असू शकतो.