कॅचरवरून सेकंड बेसला हलवलं, म्हणजे मुलाचं बेसबॉल संपलं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा चौदा वर्षांचा, जिल्हा संघात बेसबॉल खेळतो. तीन वर्षं कॅचर होता. आता सरांनी त्याला सेकंड बेसला उभं केलंय आणि तो घरी येऊन रुसून बसलाय. ही बढती समजायची की बाजूला सारणं, आणि व्यावसायिक बेसबॉलमध्ये सेकंड बेसमनला करिअर असतं का, असं तुम्ही विचारलंय.

असतं, आणि चांगलं घसघशीत असतं. मी २००४ पासून ह्यूस्टनला राहतो. तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर मला एकच माणूस आठवला, कारण त्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. क्रेग बिजिओ. १९९१ साली तो कॅचर म्हणून ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, संघात निवडला गेला होता, आणि पुढच्याच मोसमात त्याच्या संघानं, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनं, त्याला तिथून उचलून सेकंड बेसवर ठेवलं. तुमच्या मुलाला आज जे वाटतंय ते त्यालाही वाटलं असेल. जिथे नाव कमावलं तीच जागा सोडायची!

का हलवलं ते आधी सांगतो, कारण तुमच्या सरांच्या मनातही कदाचित तेच असेल. कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरचा भाऊ, पण त्याचं काम कितीतरी कष्टाचं. एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा पूर्ण उकिडवं बसायचं, अंगावर चिलखत, वर चेंडू बोटांवर, खांद्यावर, मांडीवर आदळत राहतो. वर्षात १६२ सामने. गुडघे आणि पायातला वेग दोन्ही हळूहळू झिजतात. बिजिओ न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा, शाळेत अमेरिकन फुटबॉलमध्ये धावणारा गडी. त्याच्या पायात कॅचरला सहसा नसतो असा वेग होता. हे पाय पाच-सहा वर्षांत खलास होऊ द्यायचे की वीस वर्षं वापरायचे, एवढाच हिशेब होता. अ‍ॅस्ट्रोजनं पाय वाचवायचं ठरवलं. त्यासाठी दुसरा कॅचर हवा होता, तो मिळवताना त्यांनी केनी लॉफ्टनसारखा तरुण आउटफिल्डर (बेसच्या मागे, बाहेरच्या मैदानात उभा राहणारा) क्लीव्हलंडला देऊन टाकला. तो सौदा संघाला महागात पडला असं माझं स्पष्ट मत आहे, पण बिजिओचं भलं झालं.

आता सेकंड बेसचं काम काय असतं ते बघा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात हा उभा असतो. बेस एकमेकांपासून ९० फुटांवर, म्हणजे साडेसत्तावीस मीटर. इथून पहिल्या बेसला फेक जवळची पडते, त्यामुळे शॉर्टस्टॉपइतका (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) दणकट हात नसला तरी चालतं. म्हणून वरवर पाहणाऱ्याला ही सोपी जागा वाटते. खरी परीक्षा डबल प्लेला, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना आउट करताना. पहिल्या बेसवर रनर आहे, चेंडू शॉर्टस्टॉपकडे सरपटत गेला. सेकंड बेसमननं पळत येऊन बेसवर पाय ठेवायचा, शॉर्टस्टॉपचा थ्रो झेलायचा, गर्रकन वळायचं आणि पहिल्या बेसला फेकायचं. हे करताना त्याची नजर शॉर्टस्टॉपकडे असते आणि धावत येणारा रनर जवळजवळ पाठीमागून त्याच्या पायांवर येत असतो. फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोचायला सव्वाचार सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात हे सगळं उरकायचं. चेंडू ग्लोव्हमध्ये पकडला असं म्हणायलाही वेळ नसतो. तो ग्लोव्हला लागतो आणि त्याच क्षणी उजव्या हातात आलेला असतो. (तुमचा मुलगा उजव्या हातानं फेकतो असं मी धरून चाललोय. डावखुऱ्यांना या जागेवर ठेवत नाहीत, कारण त्यांना पहिल्या बेसकडे फेकायला पूर्ण अंग फिरवावं लागतं.)

हे सगळं बिजिओ सव्विसाव्या वर्षी नव्यानं शिकला. मॅट गॅलँटी नावाचे प्रशिक्षक होते, ठेंगणे, चिवट. फ्लोरिडात किसिमीला मोसमापूर्वीचं शिबिर असायचं. तिथे ते त्याला इतरांच्या आधी सकाळी मैदानावर घेऊन जात आणि चेंडूमागून चेंडू मारत. त्यांचा एक चिमुकला, चपटा ग्लोव्ह होता, जवळजवळ भाकरीसारखा सपाट. त्यात चेंडू अडकतच नाही. हात मऊ ठेवले नाहीत आणि दुसरा हात लगेच मदतीला आणला नाही, तर चेंडू उडून जातो. कॅचरचा ग्लोव्ह गादीसारखा जाड, त्याची सवय मोडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. त्या वर्षी, १९९२ साली, बिजिओ १६२ च्या १६२ सामने खेळला आणि सेकंड बेसमन म्हणून पुन्हा ऑल-स्टार झाला. कॅचर आणि सेकंड बेसमन अशा दोन्ही जागांवर ऑल-स्टार झालेला तो पहिला खेळाडू. १९९४ ते १९९७ सलग चार वर्षं क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार. २०१५ साली बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा भाषणात त्यानं गॅलँटींचे मनापासून आभार मानले. मी ते भाषण घरी बघत होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

आणि वाचवलेल्या त्या पायांनी पुढे काय केलं? १९९७ च्या पूर्ण मोसमात १६२ सामने खेळून त्याच्या जमिनीवरच्या फटक्यावर एकदाही डबल प्ले झाला नाही. एकदाही नाही! म्हणजे चेंडू जमिनीवरून सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला तरी हा पहिल्या बेसला वेळेत पोचलेलाच असायचा. त्या वर्षी त्याच्या १४६ धावा झाल्या. १९९८ साली ५१ डबल (एका फटक्यात दुसरा बेस गाठणं) आणि ५० चोरलेले बेस (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठणं). एकाच मोसमात दोन्हीची पन्नाशी, ही गोष्ट त्याआधी १९१२ साली ट्रिस स्पीकरनं केली होती.

पण मुलाला ही जागा सुरक्षित आहे असं मात्र सांगू नका. बारा वर्षं बिजिओ एकदाही दुखापतींच्या यादीत गेला नव्हता. १ ऑगस्ट २०००, डबल प्ले चालू असताना रनरची स्लाइड (बेसकडे घसरत येणं) पायावर आली आणि गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. कॅचरच्या जागेवरून ज्या गुडघ्यांसाठी त्याला हलवलं, त्यातलाच एक सेकंड बेसवर गेला. पुढच्या वर्षी तो परतला आणि १५५ सामने खेळला, हे त्याचं नशीब आणि मेहनत. बॉस्टनच्या डस्टिन पेड्रोइयाला हे नशीब मिळालं नाही. एप्रिल २०१७ मध्ये सेकंड बेसवरच त्याच्या गुडघ्यावर स्लाइड आली, आणि २०१८ व २०१९ मिळून तो अवघे नऊ सामने खेळू शकला. २०१६ पासून नियम कडक झालेत, रनरनं बेससाठीच स्लाइड करायची, माणसाला उडवायला नाही. तरी टक्कर होतेच. तुमच्या सरांना विचारा की ते मुलांना बेसवरून बाजूला होत फेकायला शिकवतात का. आई-वडिलांनी हा एक प्रश्न जरूर विचारावा.

दुसरी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. चक नॉब्लॉक १९९७ चा गोल्ड ग्लोव्ह विजेता सेकंड बेसमन. न्यूयॉर्क यांकीजकडे आल्यावर त्याला पहिल्या बेसची ती जवळची, साधी फेकच जमेना. हात ठीक, दुखापत नाही, पण चेंडू भलतीकडेच. २००० साली त्याची एक फेक प्रेक्षकांत जाऊन एका बाईंना लागली. पुढच्या वर्षी त्याला लेफ्ट फील्डला पाठवलं. जवळची फेक विचार करायला वेळ देते, आणि तो वेळच कधी कधी घात करतो. मुलगा चुकला की लगेच ओरडू नका, एवढंच मी यावर सांगेन.

बिजिओकडे परत येतो. मला त्याच्या आकड्यांपेक्षा त्याचं दिसणं आवडायचं. हेल्मेटवर पाइन टारचा (बॅटची पकड घट्ट व्हावी म्हणून लावतात तो चीक) काळा चिकट थर, त्यावर धूळ. मोसम संपेपर्यंत त्यावरचा तारा ओळखू यायचा नाही. कोपराला मोठं संरक्षक कवच. तो प्लेटला, म्हणजे फलंदाजाच्या बेसला, इतका खेटून उभा राहायचा की चेंडू त्याच्या अंगावर कारकिर्दीत २८५ वेळा आदळला. आधुनिक काळात इतके कुणी झेलले नाहीत, एकोणिसाव्या शतकातल्या ह्यूई जेनिंग्जचे तेवढे दोन जास्त, २८७. दर वेळी बॅट खाली टाकायची, कवच काढायचं आणि पहिल्या बेसकडे पळायचं. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या अंगावर तो कधी धावून गेला नाही. सरावाच्या टोपीवर एक पिवळा सूर्य लावलेला असायचा, कर्करोग झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या सनशाइन किड्स या संस्थेचा.

त्यानं वीसही मोसम एकाच संघाकडून काढले, १९८८ ते २००७. पण जागा बदलतच राहिल्या. २००३ साली संघानं जेफ केंटला आणलं, तर हा सेंटर फील्डला गेला. २००४ मध्ये कार्लोस बेल्ट्रान आला, हा लेफ्टला सरकला. २००५ ला केंट गेला, हा परत सेकंड बेसवर. त्याच वर्षी अ‍ॅस्ट्रोज पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीला, पोचले आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून चार-शून्य हरले. शेवटच्या एक-दोन वर्षांत त्याचा पल्ला कमी झाला होता, फलंदाजीही उतरली होती. तीन हजार हिट्ससाठी (हिट म्हणजे फटका मारून बेस गाठणं) रेंगाळतोय असं लोक म्हणत, आणि त्यात तथ्य होतं.

ती तीन हजारावी हिट मी मैदानात पाहिली. २८ जून २००७, कोलोराडो रॉकीजविरुद्ध. आमची जागा पार वरच्या मजल्यावर होती. तो आला तेव्हा तीन कमी होत्या, आणि एकाच रात्री तीन होतील असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं. सातव्या इनिंगमध्ये चेंडू सेंटरकडे गेला आणि सगळं मैदान उभं राहिलं. आणि हा एक्केचाळीस वर्षांचा माणूस पहिल्या बेसवर थांबलाच नाही! दुसऱ्या बेसकडे सुटला. आउट झाला. मला वाटतं, बिजिओ म्हणजे काय हे त्या तीस यार्डांत सगळं दिसलं. जुना सोबती जेफ बॅगवेल निवृत्त झालेला होता, त्याला त्यानं मैदानात ओढत आणलं. त्या रात्री बिजिओनं एकूण पाच हिट्स मारल्या. कारकिर्दीच्या शेवटी ३,०६० हिट्स, ६६८ डबल. निवृत्त झाला तेव्हा उजव्या हाताच्या फलंदाजांत इतके डबल कुणाचेच नव्हते.

आपल्याकडच्या संधींबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. भारतातून अमेरिकी क्लबनं घेतलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले, पण दोघेही पिचर होते आणि मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगपर्यंत, पोचले नाहीत. दुबईत बेसबॉल युनायटेड नावाची लीग सुरू झाली आहे, त्यात मुंबई कोब्राज हा संघ आहे. वाट अजून पायवाटच आहे. पण तुमचा मुलगा चौदाचा आहे आणि आता त्याचे गुडघे शाबूत राहतील. यावर मी सरांना धन्यवादच देईन.

आणि त्याची कॅचरची विद्या वाया जात नाही, हे त्याला आवर्जून सांगा. पुढचा चेंडू कसा येणार, फलंदाज तो कुठे मारणार, हे कॅचरला इतरांआधी कळतं, त्यामुळे सेकंड बेसवर तो अर्धं पाऊल आधी हलू शकतो. २९ सप्टेंबर २००७ ला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, बिजिओनं कॅचरचं चिलखत परत चढवलं आणि १९९१ नंतर पहिल्यांदाच दोन इनिंग प्लेटमागे बसला.

आजपासून एक करा. पोळपाटापेक्षा लहान, हाताच्या पंज्याएवढी लाकडी फळी घ्या, मागे पट्टा ठोका, डाव्या हातात अडकवा. दहा-बारा पावलांवरून तुम्हीच टेनिसचा चेंडू जमिनीवरून सोडा. फळीनं थोपवायचा आणि उजव्या हातानं लगेच उचलायचा, रोज पन्नास वेळा. पंधरा दिवसांनी इथेच लिहा, चेंडू फळीवरून कुठल्या बाजूला उडतोय ते. त्यावरून पुढचं सांगता येईल.