वाचकांचे प्रश्न : टॉवेल, टॅरिफ आणि तिकडची बंद गिरणी

प्रश्न : 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं तेव्हा आमच्या टॉवेलच्या ऑर्डरी तशाच अडकून पडल्या, पार्टी म्हणायला लागली रेट पाडा नाहीतर थांबा. हेच लोक इतकी वर्षं जगाला सांगत होते ना की मार्केट खुलं करा, मग आता असे अचानक का फिरले?
– टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : भाऊ, तुमचा राग बरोबर आहे, पण ते अचानक फिरले असं मला वाटत नाही. कागदावर त्यातल्या निम्म्या टॅरिफचं कारण आपण रशियाचं तेल घेतो हे होतं, ते तुम्हाला माहितीच आहे. पण असलं टॅरिफ लावणाऱ्या माणसाला, म्हणजे ट्रम्पना, तिकडं मतं का मिळतात, हे बघायचं असेल तर एका गावाची गोष्ट ऐका, आणि ती टॉवेलचीच आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅनापोलिस नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनन नावाच्या गिरणीमालकानं ते वसवलं, गिरणी त्याची, कामगारांची घरं त्याची, दुकानाच्या जागा पण कंपनीच्या. गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती थेट 1984 साली. कॅननचा टॉवेल अमेरिकेत घराघरात असायचा, जशी आपली सोलापुरी चादर.

आता या गिरण्या तिथं आल्या कुठून? आधी हा सगळा धंदा उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्ये होता, लॉवेल, लॉरेन्स या गावांत. लॉरेन्समध्ये 1912 साली कायद्यानं आठवड्याचे तास 56 चे 54 झाले आणि मालकांनी तेवढा पगार कापला, तर वीस हजारांवर कामगार ऐन थंडीत रस्त्यावर आले आणि पगारवाढ घेऊनच परत गेले. दक्षिणेत कापूस जवळ, मजुरी कमी, युनियन जवळपास नाहीच, म्हणून मालक हळूहळू तिकडं सरकले. 1934 च्या सप्टेंबरमध्ये दक्षिणेतल्या गिरण्या पण पेटल्या, उत्तर-दक्षिण मिळून चारेक लाख कामगारांचा संप झाला, पण तीन आठवड्यांत तो मोडला, कितीतरी जणांना परत कामावर घेतलंच नाही, आणि मग पुढं दोन पिढ्या तिथं युनियनचं नाव काढायला लोक घाबरायचे. म्हणजे मॅसॅच्युसेट्सचं काम कॅरोलायनानं स्वस्तात केलं, आणि पुढं कॅरोलायनाचं काम मेक्सिको, चीन, पाकिस्तान आणि आपण स्वस्तात केलं. आपण त्या साखळीतली पुढची कडी आहोत एवढंच.

1994 च्या 1 जानेवारीला नाफ्टा करार लागू झाला, मेक्सिकोशी व्यापार जवळपास मोकळा. यात कामगारांना लागलं ते हे की करार संसदेत पास करून घेऊन त्याच्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष क्लिंटन डेमोक्रॅट, म्हणजे युनियनवाले ज्यांना मत देत आले त्याच पक्षाचे. खुद्द त्यांच्या पक्षाच्या 156 खासदारांनी विरोधात मत दिलं, तरी 234 विरुद्ध 200 नं ठराव पास झाला. मग 2001 च्या डिसेंबरमध्ये चीन डब्ल्यूटीओमध्ये, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, आला. कापडावरचा कोटा, म्हणजे कुठल्या देशानं किती माल पाठवायचा ती मर्यादा, दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं उठवायचं ठरलेलं होतं, तो 1 जानेवारी 2005 ला पूर्ण गेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच सुमाराला नवे माग टाकले, बरोबर ना?

कॅनापोलिसच्या कामगारांनी आधी बऱ्याचदा हरून शेवटी 1999 साली मतदानानं युनियन आणली. आणि 30 जुलै 2003 ला, तोवर पिलोटेक्स नाव झालेल्या त्या कंपनीनं सगळंच बंद केलं. एकट्या त्या भागात चार हजारांवर लोक एका दिवसात घरी. त्यातले कितीतरी शाळा अर्धवट सोडून गिरणीत लागलेले, ते पन्नाशीत कम्युनिटी कॉलेजात जाऊन बारावीच्या तोडीचं सर्टिफिकेट घ्यायला बसले. गिरणी पाडून तिथं आता रिसर्च कॅम्पस उभा आहे, चकाचक, पण तिथं नोकरीला डिग्री लागते.

हे वाचताना मला आमचं घर आठवतं. वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते, गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो, आणि भोंगा बंद झाल्यावर पण ते कितीतरी महिने पहाटे त्याच वेळेला उठून डबा कुठंय विचारायचे. देणी मिळेपर्यंत आईनं विड्या वळून घर चालवलं. म्हणून त्या गावातल्या माणसाला मी शत्रू मानू शकत नाही, तुमचं नुकसान समोर दिसत असलं तरी. त्याला दोन्ही पक्षांनी वीस वर्षं सांगितलं की नवं शिक, दुसरीकडं जा, टॉवेल स्वस्त झाला यात तुझाही फायदा आहे, आणि मग एकजण आला आणि म्हणाला तुझ्यावर अन्याय झालाय. तो माणूस त्याच्या मागं गेला. टॅरिफनं त्याची गिरणी परत येणार नाही हे वेगळं, कारण तिकडं आता ते माग पण नाहीत आणि ते हात पण नाहीत. पैसे शेवटी तिकडचं गिऱ्हाईक आणि तुम्ही, दोघंच भरणार.

प्रश्न : सर, मी बी.ए. ला आहे, इतिहास घेतलाय. अमेरिकेच्या गिरण्यांत कृष्णवर्णीय लोकांना काम मिळायचं का? पुस्तकात फक्त बस आणि हॉटेलातल्या भेदभावाचं येतं.
– विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. मिळायचं, पण आवारात गाठी उचलायला, झाडायला, आणि रुई फोडायच्या खात्यात जिथं सगळ्यात जास्त धूळ असते तिथं. मागावर नाही. साउथ कॅरोलायनात 1915 साली चक्क कायदाच केला की कापडगिरणीत गोरे आणि काळे एका खोलीत काम करणार नाहीत, एकाच वेळी एका जिन्यानं जाणार नाहीत, पाण्याची बादली आणि पेला पण वेगळा.

पाण्याचा पेला म्हटल्यावर तुला काय आठवलं मला माहितीय. मुंबईच्या गिरण्यांत पण साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण मागाच्या धोट्यातून, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीतून, धागा तोंडानं ओढायला लागायचा आणि त्याचा विटाळ. सगळ्यात जास्त मजुरी त्याच खात्यात होती हे लक्षात घे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा उभा केला, की संपात सोबत पाहिजे तर हे खातं आमच्या माणसांना पण उघडा. दोन देश, हजारो मैलांचं अंतर, आणि चांगल्या पगाराच्या दारात उभं राहून दोन्हीकडं सांगणार एकच, तुझा हात लागला की बाटतं.

तिकडं दार उघडलं ते 1964 च्या नागरी हक्क कायद्यानं, त्यातल्या सातव्या प्रकरणात नोकरीतल्या भेदभावाला बंदी आली. दहा-पंधरा वर्षांत दक्षिणेतल्या गिरण्यांचं चित्र बदललं, कृष्णवर्णीय स्त्रिया ज्या आधी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायच्या त्या मशीनवर आल्या, पहिल्यांदा ठरलेला पगार, घराला कर्ज मिळायला लागलं, पोरं कॉलेजात. आणि नेमकं तेव्हाच, ऐंशीच्या दशकापासून, गिरण्या बंद व्हायला लागल्या. मला हे सगळ्यात जास्त लागतं. शंभर वर्षं दाराबाहेर उभं केलं आणि आत घेतलं तेव्हा आतलं सामान हलवायला काढलेलं होतं. तुझा प्रोजेक्ट असेल तर यावरच कर, आणि आपल्याकडच्या गिरण्यांत कोणाला कुठलं खातं मिळायचं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घे, ते सांगणारे आता थोडेच राहिलेत.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. अमेरिकेत घरी काम करणाऱ्या बाईला ठरलेली मजुरी असते का?
– एक भगिनी, कुंभारी

उत्तर : ताई, तिकडं 1938 साली किमान मजुरीचा कायदा झाला, तासाला 25 सेंट. पण शेतमजूर आणि दुसऱ्यांच्या घरी घरकाम करणाऱ्या बायका त्यातून वगळल्या, आणि दक्षिणेत ही कामं करणारे बहुतेक कृष्णवर्णीयच होते. घरकामवाल्या बायका त्यात आल्या 1974 ला, म्हणजे 36 वर्षांनी. घरी नेऊन करायच्या कामाबद्दल म्हणाल तर 1940 च्या दशकात भरतकाम, हातमोजे अशा सात धंद्यांत ते बंदच केलं, कारण घरात बाई किती तास बसते, पोरांना हाताशी घेते का, हे कोण तपासणार. आपल्याकडं 1966 च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं (2025 च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी नवी श्रम संहिता आलीय), म्हणून कार्ड आणि पासबुक तेवढं जपून ठेवा, आणि हजारामागं किती विड्या खराब म्हणून काढल्या ते दर वेळी लिहून ठेवत जा. तिकडचा देशभरासाठीचा किमान दर 2009 च्या जुलैपासून तासाला सव्वासात डॉलर आहे, काही राज्यांनी स्वतःचा वाढवला, पण नॉर्थ कॅरोलायनात, त्या कॅनापोलिसमध्ये, तो अजून सव्वासातच आहे.