वाचकांचे प्रश्न : नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी डिस्कवर जागा करताना

विंडोज 10 चे नियमित मोफत पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच चिंता पुन्हा पुन्हा दिसते. यंत्र चांगले चालते, विंडोज 11 मात्र त्यावर बसत नाही, म्हणून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालावी असे वाटते. पण हार्ड डिस्कला हात लावण्याची भीती वाटते. ही भीती रास्त आहे. नवी प्रणाली बसवण्याचे काम तासाभराचे असते आणि ते फसले तर पुन्हा करता येते. त्याआधी जागा करताना झालेली चूक मात्र पुष्कळदा भरून निघत नाही. म्हणून या वेळी त्याच टप्प्यावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे 2017 साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात 1 टेराबाइटची हार्ड डिस्क आणि विंडोज 10 आहे. मला उबुंटू हा लिनक्सचा प्रकार बसवायचा आहे, परंतु श्रीलिपीत टाइप केलेला अनेक वर्षांचा मजकूर जवळ असल्याने विंडोजही ठेवणे भाग आहे. सी ड्राइव्ह 180 जीबीचा असून त्यात जेमतेम 18 जीबी मोकळी आहे; डी ड्राइव्हमध्ये मात्र 500 जीबीहून अधिक जागा रिकामी आहे. सी ड्राइव्हवर जागा कशी करावी? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : सी ड्राइव्हला आपण हात लावूच नये, कारण त्याची गरज नाही. लिनक्स सी ड्राइव्हच्या आत बसत नाही, त्याला स्वतःचे वेगळे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) लागते आणि ते डिस्कवर कोठेही असले तरी चालते. आपल्याकडची मोकळी जागा डी मध्ये आहे, तेव्हा तीच कापून घ्यावी. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या काही फायली जागच्या हलत नाहीत, त्यामुळे तो लहान करताना अडचणी येतात. डी मध्ये केवळ आपले दस्तऐवज आणि छायाचित्रे असतील तर तो सहसा विनातक्रार लहान होतो.

उबुंटू 24.04 साठी किमान 25 जीबी जागा सांगितली जाते, परंतु तेवढ्यात काही महिन्यांत घुसमट होते. आपल्याकडे जागा आहे, म्हणून 100 जीबी द्यावी.

प्रत्यक्ष कामाआधी तीन गोष्टी कराव्यात आणि त्यांचा क्रम बदलू नये. सर्वांत आधी बॅकअप. डी मधील सर्व महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून निरनिराळ्या फोल्डरांतील पाच-दहा फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, कारण न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. आपल्या बाबतीत आणखी एक काळजी आवश्यक आहे. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून फायलींबरोबर फॉन्ट आणि मूळ सॉफ्टवेअरही जपून ठेवावे आणि सवडीने तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. आपल्या लेखनाचे आयुष्य एका विशिष्ट सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट डिस्कच्या प्रकृतीची. 2017 ची फिरती हार्ड डिस्क म्हणजे बरेच वय झाले. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिची स्थिती पाहावी. तेथे ‘गुड’ असे दिसले तर पुढे जावे. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले तर पार्टिशनचा विचार सोडून आधी सारा डेटा बाहेर काढावा आणि नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्यावी. स्थिती चांगली असेल तर डी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील टूल्समध्ये जाऊन ‘चेक’ चालवावे, म्हणजे फाइल व्यवस्थेतील बारीकसारीक दोष आधीच दुरुस्त होतील.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणे. विंडोज 8 पासून शटडाउन केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तिचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी ती लवकर सुरू होते. अशा अर्धवट मिटलेल्या अवस्थेत लिनक्सने त्याच ड्राइव्हवर काही लिहिले तर फायली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स सहसा तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरताच उघडते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करायचे ते ठरवण्याच्या पानावर ही खूण असते. ती काढून टाकावी. त्याच बैठकीत ड्राइव्ह बिटलॉकरने किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद आहे का तेही तपासावे. असल्यास 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि ते एन्क्रिप्शन बंद करून डेटा पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे.

एवढे झाल्यावर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे, डी वर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे आणि किती कमी करायचे त्या चौकटीत 102400 हा आकडा लिहावा. तेथे मोजमाप मेगाबाइटमध्ये असते आणि 100 जीबी म्हणजे 102400 एमबी. काम संपल्यावर डी च्या उजवीकडे काळ्या पट्टीचा ‘अनअलोकेटेड’ तुकडा दिसेल. त्यावर विंडोजमधून नवे पार्टिशन करू नये, त्याला अक्षर देऊ नये, तो फॉरमॅटही करू नये. तो तसाच कोरा सोडणे हीच खरी तयारी होय.

हेच काम उबुंटूचा इन्स्टॉलरही करू शकतो. तरीही विंडोजची एनटीएफएस या फाइल व्यवस्थेची पार्टिशने विंडोजनेच लहान करावीत असे माझे ठाम मत आहे. आपल्या फायली कोठे आहेत हे तिला नेमके ठाऊक असते, शिवाय काम झाल्यावर विंडोज पुन्हा सुरू करून सर्व काही जागेवर असल्याची खात्री करता येते आणि मगच पुढे जाता येते.

इन्स्टॉलर चालवताना मात्र मन एकाग्र ठेवावे. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सी, डी आणि त्यांतील सारे काही पुसून टाकतो. तो केवळ उबुंटूची जुनी प्रत पुसतो असा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे. आपण स्वहस्ते पार्टिशन निवडण्याचा पर्याय घ्यावा. तेथे सी आणि डी ही अक्षरे दिसणार नाहीत. लिनक्स पहिल्या डिस्कला ‘एसडीए’ म्हणते आणि तिच्या भागांना क्रमांक देते. म्हणून ओळख आकारावरून पटवावी आणि त्यासाठी डिस्क मॅनेजमेंटमधील चित्र आधीच कागदावर काढून ठेवावे. ‘फ्री स्पेस’ म्हणून दिसणारा 100 जीबीचा तुकडा निवडून त्यावर एक्स्ट4 (लिनक्सची फाइल व्यवस्था) प्रकारचे पार्टिशन करावे आणि माउंट पॉइंट (ते पार्टिशन लिनक्समध्ये जेथे जोडले जाते ती जागा) म्हणून तिरकी रेघ (/) निवडावी. स्वॅपसाठी (मेमरी अपुरी पडल्यास डिस्कवर वापरायच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन लागत नाही, उबुंटू त्यासाठी स्वतःच एक फाइल तयार करते. यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फायलींचे सुमारे 100 एमबीचे ईएफआय पार्टिशन दिसेल. ते दोन्ही प्रणालींनी वाटून घ्यायचे असते, त्यामुळे ते वापरू द्यावे, परंतु फॉरमॅट मुळीच करू नये.

प्रश्न : आमच्या डेस्कटॉपवर विंडोज 7 घालताना दुकानदाराने सी, डी आणि ई असे ड्राइव्ह करून दिले होते, नंतर त्यावरच विंडोज 10 आले. लिनक्ससाठी मी ई ड्राइव्ह 60 जीबीने लहान केला. आता त्या जागेवर नवे व्हॉल्यूम करू लागलो तर ‘डिस्क डायनॅमिक होईल’ अशी सूचना येते. ‘येस’ दाबू का? (संगणक केंद्रचालक, वर्धा)

उत्तर : ‘येस’ दाबू नये. तेथेच थांबून आपण पत्र लिहिले हे फार बरे झाले.

आपली डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली आहे. ही पद्धत 1983 सालच्या पीसी डॉस 2.0 पासूनची असून तिच्या तक्त्यात मुख्य पार्टिशनांसाठी चारच घरे असतात. आपल्याला तीन ड्राइव्ह दिसत असले तरी विंडोज 7 स्वतःसाठी 100 एमबीचे ‘सिस्टीम रिझर्व्हड’ हे चौथे पार्टिशन करते आणि त्याला अक्षर नसल्याने ते एरवी नजरेस पडत नाही. चारही घरे भरली, त्यामुळे आपल्या 60 जीबीला नाव लावायला पाचवे घर उरलेले नाही. विंडोज त्यावर डायनॅमिक डिस्कचा मार्ग सुचवते, परंतु ती रचना विंडोजची स्वतःची आहे. लिनक्सचे इन्स्टॉलर तिच्यावर नेहमीच्या पद्धतीने बसत नाहीत आणि विंडोजमधून मूळ बेसिक रचनेकडे परतायचे तर त्या डिस्कवरील सर्व व्हॉल्यूम पुसावी लागतात.

आपण ई ड्राइव्हमधील सर्व डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, तो उघडून तपासावा आणि मग डिस्क मॅनेजमेंटमधून ई हे व्हॉल्यूम डिलीट करावे. त्याची जागा आणि आधीचे 60 जीबी मिळून एकच मोठा कोरा तुकडा होईल आणि तक्त्यातील एक घर रिकामे होईल. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये त्या तुकड्याच्या सुरुवातीला 60 जीबीचे एक्स्ट4 पार्टिशन ‘लॉजिकल’ प्रकारचे करावे. लॉजिकल पार्टिशने एका ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशनच्या पोटात राहतात, चौथे घर ते एकटे व्यापते आणि त्याच्या आत अनेक भाग मावतात. उरलेल्या जागेवर नंतर विंडोजमधून पुन्हा ई ड्राइव्ह करून डेटा परत ठेवावा. विंडोजला लॉजिकल ड्राइव्ह नीट चालतात आणि लिनक्स तर त्यावरूनच सुरूही होते.

एमबीआरचे जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीत रूपांतर करण्याची सोय विंडोज 10 मध्ये आहे हे आपल्याला कोणी सुचवेल. ती सोय मुख्य पार्टिशने जास्तीत जास्त तीन असतील आणि एक्स्टेंडेड पार्टिशन मुळीच नसेल तरच चालते. शिवाय त्यानंतर यंत्र यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू व्हावे लागते. आपल्या यंत्राइतक्या जुन्या मदरबोर्डवर त्याची खात्री धरू नये.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये 512 जीबीची एसएसडी असून विंडोज ती 476 जीबी दाखवते. सी हा एकच ड्राइव्ह आहे आणि त्यात 210 जीबी मोकळी आहे, तरी ‘श्रिंक व्हॉल्यूम’ केवळ 11 जीबी कमी करता येईल असे सांगते. उरलेली जागा कोठे गेली? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : 512 आणि 476 यांतील फरक मोजणीचा आहे. उत्पादक 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात, विंडोज 1024 च्या पटीत मोजते. काहीही हरवलेले नाही.

11 जीबीचे कारण वेगळे आहे. ड्राइव्ह नेहमी शेवटच्या टोकाकडून कापला जातो आणि त्या टोकाजवळ हलवता न येणारी एखादी फाइल बसली असेल तर तिच्या अलीकडे कापता येत नाही, मग अलीकडे कितीही जागा मोकळी असो. अशा फायली बहुधा तीन असतात : हायबरनेशनची फाइल (यंत्राची चालू स्थिती डिस्कवर साठवणारी), पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून वापरली जाणारी) आणि सिस्टीम रिस्टोअरचे, म्हणजे विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठी, जतन केलेले बिंदू. नेमकी कोणती आडवी आली हे विंडोजच्या घडामोडी नोंदवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन नोंदींत 259 क्रमांकाच्या नोंदीवरून कळते. फारच थोड्या लोकांना ही नोंद ठाऊक असते, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

बॅकअप घेतल्यावर हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन (रिस्टोअरचे बिंदू जतन करणारी सोय) ही तिन्ही तात्पुरती बंद करून यंत्र रीस्टार्ट करावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. बहुतेक वेळा आकडा एकदम वाढतो. जागा मिळाल्यावर पेजफाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन आठवणीने पुन्हा चालू करावे. हायबरनेशन मात्र बंदच ठेवलेले बरे, कारण त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद राहते. एवढ्यासाठी एसएसडी डीफ्रॅगमेंट करत, म्हणजे विखुरलेला डेटा एकत्र आणत, बसू नये, त्याने नाहक लेखन वाढते.

तरीही अडले तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जीपार्टेड या पार्टिशने बदलण्याच्या प्रोग्रामने पार्टिशन लहान करता येते. त्यात डेटा प्रत्यक्ष सरकवला जातो आणि मध्येच वीज गेली तर पार्टिशन अर्धे इकडे, अर्धे तिकडे राहते. एका परिचिताच्या डेस्कटॉपवर मी स्वतः हे काम करत असताना वीज गेली. यूपीएस जोडलेला नव्हता. फायली आदल्या रात्री बाहेर घेतलेल्या होत्या म्हणून त्या वाचल्या, पण तो ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करावा लागला. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जरही जोडलेला असावा.

प्रश्न : जागा केली, उबुंटूही बसवले, पण घरच्यांना ते नको आहे. ती जागा विंडोजला परत देता येईल का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : देता येईल, परंतु पार्टिशन पुसण्याआधी यंत्र विंडोजनेच सुरू होईल अशी व्यवस्था करावी. यूईएफआय असलेल्या यंत्रात बूट क्रमामध्ये (कोणती प्रणाली आधी सुरू करायची त्या यादीत) ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवून एकदा विंडोज सुरू करून पाहावी. जुन्या एमबीआर यंत्रात विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरील दुरुस्तीच्या पर्यायातून तिचा बूट रेकॉर्ड परत लिहावा लागतो. ते झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचे पार्टिशन डिलीट करावे आणि त्याच्या लगेच डावीकडे असलेल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ निवडावे. मध्ये रिकव्हरी किंवा अन्य कोणतेही पार्टिशन असेल तर हा पर्याय फिकट दिसतो; अशा वेळी ते पार्टिशन न पुसता कोऱ्या जागेवर वेगळा ड्राइव्ह करून तो घरच्या छायाचित्रांसाठी वापरावा.